वेगळ्या रीतीने शिकणाऱ्या मुलांची शिकवणी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

तुमच्याकडे येणारं मूल ऑटिस्टिक असेल (संवाद, आवाज, स्पर्श यांचा त्याचा अनुभव वेगळा असतो), एडीएचडी असलेलं असेल (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं), त्याला डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) असेल किंवा ते वर्गाच्या चार पावलं पुढे धावणारं प्रज्ञावंत मूल असेल. कोणीही असलं, तरी तुमच्यापर्यंत पोचण्याआधी बऱ्याच मोठ्या माणसांनी त्याला सुधारून पाहिलेलं असतं. "नीट बस", "लक्ष कुठे आहे तुझं?", "एवढा हुशार आहेस, मग एवढंसं का येत नाही?" ही वाक्यं त्याला पाठ असतात. आल्या आल्या तुम्ही धडा काढलात की त्याच्या लेखी तुम्हीही त्यांच्यातलेच. त्यामुळे पहिले दोन-तीन तास ओळखीसाठी ठेवा आणि ते वाया गेले असं पालकांना वाटणार असेल, तर हे त्यांना आधीच समजावून सांगा.

नावं कळली पाहिजेत, पण किती?

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द १९९०च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागला. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञ जुडी सिंगर यांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. माणसांचे मेंदू एकाच पद्धतीने चालत नाहीत आणि हा फरक स्वाभाविक आहे, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया, डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण) ही त्या फरकाची काही नावं. ती एकमेकांत मिसळलेली असतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकाच मुलाला देता येत नव्हती. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत ती मुभा मिळाली. दोन्ही असलेली मुलं त्याआधीही होतीच. म्हणून निदानाच्या अहवालातलं नाव वाचा, पण मूल त्या नावात पूर्ण मावेल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रज्ञावंत आणि न्यूरोडायव्हर्जंट (ज्यांचा मेंदू असा वेगळ्या पद्धतीने चालतो ते) हे दोन वेगळे गट आहेत असंही समजू नका. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाविषयी लिहिलं. मुलगा तल्लख होता, गणितात त्याला अडचण नव्हती, पण छापलेले शब्द काही केल्या वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरं मागेपुढे होत. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी नोंदवलं आहे: शिक्षण संपूर्ण तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. असं मूल आजही तुमच्यासमोर येऊन बसेल. त्याची हुशारी त्याची अडचण झाकते, अडचण हुशारी झाकते, आणि वरून पाहणाऱ्याला एक साधारण, जरासं आळशी मूल दिसतं.

'आळशी' हा शब्द मी शिकवणीच्या वहीत कधी लिहीत नाही. तो लिहिला की पुढचा शोध थांबतो.

मूल येण्याआधी

पालकांशी बोलताना "काय त्रास आहे?" इथून सुरुवात करू नका. त्या प्रश्नाची उत्तरं त्यांनी इतक्यांदा दिलेली असतात की तीच वाक्यं पुन्हा बाहेर पडतात. त्याऐवजी विचारा: मुलगी कशात रमली की हाका ऐकू येत नाहीत? थकली की आधी काय दिसतं, बडबड वाढते की बोलणं थांबतं? कोणता आवाज, वास किंवा कापडाचा स्पर्श सोसत नाही? शाळेतून आल्यावर किती वेळ तिला कोणी काही विचारलेलं चालत नाही? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर शिकवणीची वेळ ठरवा. दिवसभर वर्गात स्वतःला आवरून बसलेल्या मुलाला घरी आल्या आल्या पुन्हा टेबलाशी बसवलं, तर तुमच्या वाट्याला त्याचा फक्त थकवा येतो.

मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल असेल तर परवानगी घेऊन तो वाचा. एकूण बुद्ध्यांकावर अडकू नका. मुलांच्या बुद्धिमापनाच्या वेक्सलर चाचणीच्या पाचव्या आवृत्तीत भाषिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, तर्क, कार्यकारी स्मृती (काम करताना माहिती तात्पुरती लक्षात धरणं) आणि प्रक्रियेचा वेग असे पाच निर्देशांक वेगवेगळे दिलेले असतात. प्रत्येकाची सरासरी १०० धरलेली असते. एखाद्या मुलाचं भाषिक आकलन १३५ आणि प्रक्रियेचा वेग ८८ असेल, तर दोन्ही मिळून निघालेला आकडा त्याच्याविषयी फारसं काही सांगत नाही. त्या दोन आकड्यांमधली दरी मात्र पुष्कळ सांगते. हे मूल तुमचं बोलणं पूर्ण होण्याआधी समजतं आणि तेच कागदावर उतरवायला त्याला दुसऱ्यांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. अशा मुलाला आकलन पुन्हा पुन्हा शिकवू नका. त्याला लिहायला वेळ द्या, किंवा त्याने तोंडी सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं.

बसण्याची जागा

मुलाच्या खुर्चीत स्वतः दहा मिनिटं बसून बघा. दिव्याचा झोत डोळ्यांवर येतो का, घड्याळाची टिकटिक ऐकू येते का, पाय जमिनीला टेकतात का. पाय लोंबकळत असले की मूल चुळबुळ करतं आणि आपण ती एकाग्रतेची अडचण समजतो. पायाखाली एक पाट सरकवला की बरंच निभतं.

उभं राहून शिकायचं असेल तर उभं राहू द्या. हातात मऊ गोळा किंवा दोरा लागत असेल तर असू द्या. आणि "माझ्याकडे बघ" हे म्हणायचं सोडून द्या. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं ही दोन कामं एका वेळी जमत नाहीत. खिडकीकडे बघत बसलेलं मूल तुमचा शब्दन् शब्द ऐकत असू शकतं.

आजच्या तासात काय काय होणार, ते एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा. तीन ओळी, फार तर चार. झालेलं काम मुलाने स्वतः खोडायचं. अचानक बदल ज्यांना सोसत नाहीत त्यांना यामुळे पुढचं दिसतं, आणि वेळेचा अंदाज ज्यांना येत नाही त्यांना शेवट दिसतो. काम बदलण्याआधी पाच मिनिटं सूचना द्या, मग एक मिनिट आधी पुन्हा.

ओळखीचे तास

मुलाला जे आवडतं ते त्याच्याकडून शिका. खरोखर शिका, चूक करा, त्याला दुरुस्त करू द्या. मूल ज्या विषयाचं जाणकार आहे, तिथे ते कसं समजावतं याकडे लक्ष ठेवा. चित्र काढतं का, यादी करतं का, गोष्ट सांगतं का, हाताने करून दाखवतं का? त्याच्या डोक्यात माहिती ज्या रूपात असते त्याच रूपात ती बाहेर येते, आणि पुढे तुम्हाला त्याच वाटेने आत जायचं आहे.

ही आवड बक्षीस म्हणून वापरू नका. "आधी गणित, मग ग्रहांविषयी बोलू" असं चार वेळा झालं की ग्रहही कामासारखे वाटायला लागतात. ग्रहांची अंतरं घेऊनच दशांश शिकवता येतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२मध्ये एक मुद्दा मांडला. ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो, आपल्यालाही त्यांचं मन वाचता येत नसतं. माझ्यापुरता या कामाचा पाया इथे आहे. मूल आपल्याला समजून घेत नाही असं वाटलं, की त्याला आपण किती समजून घेतलं, हे मी आधी तपासते.

चुकलेलं उत्तर खोडू नका

इथे जरा सविस्तर लिहिते, कारण शिकवणीचं खरं काम इथेच होतं.

नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे येत असे. वजाबाकी येत नाही, असा निरोप घेऊनच ती आली होती. मी ५२ − २७ दिलं. तिने ३५ लिहिलं आणि लगेच खोडरबरावर हात ठेवला. माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर खोडायची तिला सवय लागली होती. मी म्हटलं, "राहू दे. ३५ कसे आले ते मला सांगशील?" ती बराच वेळ गप्प होती. मीही गप्प राहिले. मग म्हणाली, "ताई, दोनातून सात जातच नाहीत ना. म्हणून मी सातातून दोन घालवले."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिच्याजवळच्या दोनातून सात जात नव्हतेच. त्या अडचणीवर तिने स्वतःचा एक उपाय काढला होता आणि तो प्रत्येक गणितात न चुकता वापरला होता. वहीतली आधीची गणितं पाहिली, तर सगळीकडे तोच नियम. चुकांनी भरलेली ती वही आतून अगदी शिस्तीची होती.

मी काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून तिच्यासमोर ठेवले आणि दोन सुट्या काड्या. "मला सत्तावीस दे." तिने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबली. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "रबर काढलं तर चालेल?" चालेल म्हटल्यावर तिने एक गठ्ठा सोडला, पाच काड्या मोजून दिल्या आणि उरलेल्या मोजल्या. पंचवीस. 'हातचा' हा शब्द तिने शाळेत शंभरदा ऐकला होता. तो म्हणजे सोडलेला गठ्ठा, हे तिला त्या दिवशी कळलं. पुढचे दोन आठवडे आम्ही काड्यांवरच राहिलो, मग काड्यांची चित्रं काढली, आणि त्यानंतरच आकडे आले. हाताने, मग चित्राने, मग चिन्हाने हा क्रम जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांडला. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाला पहिल्या दोन टप्प्यांवर जास्त दिवस लागतात. लागू द्या.

तेव्हा "चूक" हा शब्द उच्चारण्याआधी "कसं काढलंस?" हे विचारा. बरोबर उत्तरालाही तेच विचारा. नाहीतर तुम्ही "कसं?" म्हणालात की चुकलंच आहे, हे मूल ओळखतं.

वाचन अडत असेल तर

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. बोललेल्या शब्दातले ध्वनी सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं, इथे बहुतेक मुलांची गाडी अडते. आपल्या लिपीत या मुलांची आणखी परीक्षा होते. 'कि' मध्ये इकार आपण क नंतर उच्चारतो, पण वेलांटी आधी लिहिलेली दिसते. 'सूर्य' मध्ये र आधी उच्चारतो आणि तो य च्या डोक्यावर जाऊन बसतो. एकटा र घ्या: 'प्रकाश', 'राष्ट्र', 'सूर्य', 'सुऱ्या' या चार शब्दांत जोडाक्षरातल्या त्याच्या चार तऱ्हा दिसतात. आपल्याला सवयीने हे जाणवत नाही. मुलाला मात्र कोणी सांगितलेलंच नसतं की ही एकाच अक्षराची रूपं आहेत.

म्हणून एका वेळी एकच रूप घ्या. आधी कानाने: शब्द म्हणा, टाळ्यांनी तोडा, कोणता आवाज कुठे आहे ते ओळखा. मग तो आवाज तोंडाने काढत बोटाने वाळूत किंवा खरखरीत कागदावर गिरवा. ऐकणं, बोलणं, बघणं आणि हात हलवणं एकत्र आणणारी ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युअल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी इंग्रजीसाठी बांधली. तिचं तत्त्व आपल्याला उचलता येतं. मात्र क्रम मोडू नका आणि मागचं रोज थोडं उजळत राहा.

तोवर विज्ञान, इतिहास हे विषय थांबवून ठेवू नका. ते मोठ्याने वाचून दाखवा. वाचता येत नाही म्हणून विचारांची भूक मारली गेली, तर नुकसान दुप्पट होतं.

सुरुवातच होत नसेल तर

एडीएचडी असलेल्या मुलाला बहुतेकदा काय करायचं ते माहीत असतं. करायला लागणं अवघड असतं. "निबंध लिही" हे त्याच्यासाठी एक काम नसतं, आठ-दहा कामांचा गुंता असतो. पहिली पायरी इतकी लहान करा की नाही म्हणायला जागाच उरू नये: वहीत तारीख लिही. मग शीर्षक. तुम्ही शेजारी बसून स्वतःचं लिखाण करत राहा. कोणी सोबत काम करत असलं की पुष्कळ मुलांना सुरुवात जमते.

सूचना एका वेळी एकच. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६मध्ये माणूस साधारण सात गोष्टी तात्पुरत्या लक्षात धरू शकतो असं लिहिलं. नंतरच्या संशोधनात हा आकडा चारच्या आसपास आला. हे मोठ्यांचं झालं. "वही काढ, पान बत्तीस उघड, तिसरं गणित आधी कर आणि मागचं दाखव" या एका दमात मुलाची पूर्ण क्षमता संपते, गणितासाठी काही उरत नाही. म्हणून लक्षात ठेवायचं काम कागदावर सोपवा.

फार पुढे असलेलं मूल

दहा गणितं लवकर संपवली म्हणून आणखी दहा देणं, ही त्या मुलासाठी शिक्षाच असते. दोन-तीनदा तसं झालं की ते मुद्दाम सावकाश करायला शिकतं.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१मध्ये गणितात असाधारण गती असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांची पद्धत अगदी साधी आहे: आधी चाचणी घ्या, मुलाला काय येत नाही ते नेमकं शोधा आणि तेवढंच शिकवा. मी प्रत्येक प्रकरण सुरू करताना त्या प्रकरणाच्या शेवटचा स्वाध्याय आधी देते. येत असलेलं सगळं वगळते.

एक मुलगा ३६ × २५ चं उत्तर ९०० असं थेट लिहायचा. पायऱ्या दाखव म्हटलं की रडवेला व्हायचा. त्याने मनात ३६चे चार भाग केले होते, प्रत्येकी ९चे, आणि २५ची चौपट शंभर, म्हणून नऊ शंभर. शाळेला हव्या असलेल्या पायऱ्या त्याच्या डोक्यात घडलेल्याच नव्हत्या, मग तो दाखवणार काय? आम्ही असं ठरवलं की त्याने आपली रीत अशा माणसासाठी लिहायची जो त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. संशयी माणसाला पटवायचं म्हटल्यावर त्याने अर्धं पान आनंदाने लिहिलं.

या मुलांचं वय सगळीकडे सारखं नसतं, हे मनात ठेवा. दहा वर्षांचं मूल चौदाव्या वर्षाची पुस्तकं वाचेल, आठव्या वर्षासारखं अक्षर काढेल आणि खेळात हरल्यावर सहा वर्षांच्या मुलासारखं रडेल. हे सगळं खरं असतं. "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" असं म्हणू नका. "किती हुशार आहेस" हेही जपून वापरा. हुशारी हीच ओळख झालेलं मूल अवघड गणिताला हातच लावत नाही, कारण चुकलं तर ओळखच जाईल अशी त्याला भीती वाटते. त्याने काय केलं ते नेमकं सांगा: "तीन वेळा रीत बदललीस आणि चौथ्यांदा जमलं." तुम्हाला न येणारा प्रश्न आला, तर "मला माहीत नाही, शोधूया" हे मोकळेपणाने म्हणा आणि खरंच शोधा.

सगळं अंगावर येतं तेव्हा

काही दिवशी मूल कानावर हात ठेवेल, टेबलाखाली जाईल, ओरडेल किंवा एकदम मुकं होईल. हट्ट करणारं मूल तुमच्याकडे बघत असतं, त्याला काहीतरी हवं असतं. इथे मुलाचा स्वतःवरचा ताबा गेलेला असतो.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. एक मुलगा कानांवर हात दाबून बसला होता आणि मी मऊ आवाजात त्याला समजावत राहिले. "घाबरू नकोस, काही झालं नाही, आपण सोपं गणित घेऊ." माझा प्रत्येक शब्द त्याच्यावर आणखी एक आवाज होऊन आदळत होता, हे मला त्याच्या आईने नंतर सांगितलं. तेव्हापासून मी बोलणं थांबवते. दिवा कमी करते, टोकदार वस्तू दूर करते, थोड्या अंतरावर खाली बसते. विचारल्याशिवाय स्पर्श करत नाही. शांत झाल्यावर पाणी, आणि त्या दिवशी अभ्यास नाही. काय झालं होतं हे दुसऱ्या दिवशी, मुलाची तयारी असेल तरच बोलायचं. मी वहीत वेळ, आवाज, आधीचं काम, झोप-भूक एवढं टिपून ठेवते. पाच-सहा नोंदींनंतर कारण दिसू लागतं.

पालक आणि आपली मर्यादा

तुम्ही निदान करू नका. "मला वाटतं याला डिस्लेक्सिया आहे" याऐवजी "जोडाक्षरं आली की तो थांबतो, ऐकलेलं सगळं सांगू शकतो, तज्ज्ञांना दाखवलेलं बरं" असं सांगा. मुलासमोर मुलाविषयी बोलू नका. ते चित्र काढत असलं तरी ऐकत असतं. मूल स्वतःला इजा करण्याविषयी बोललं, किंवा कोणी त्याला इजा करत आहे असं दिसलं, तर गुपित राखायचं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, सांगितलंस हे बरं केलंस म्हणा, आणि त्याच दिवशी त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी घेऊ शकेल अशा मोठ्या माणसाला आणि तज्ज्ञाला कळवा. घरातल्याच कोणाकडून त्रास होत असेल, तर तो माणूस कोण हे नीट ओळखून मगच कोणाशी बोलायचं ते ठरवा.

शिकवणी थांबवताना

कधीतरी शिकवणी संपते. हे मुलाला शेवटच्या दिवशी सांगू नका. शिकवणीचे निदान सहा तास उरलेले असतानाच सांगा आणि ते तास कागदावर चौकोन काढून दाखवा, प्रत्येक वेळी एक चौकोन त्याने रंगवावा. पुढच्या शिक्षकासाठी दोन पानं लिहा: त्याला काय येतं, कोणत्या वाटेने येतं, काय सोसत नाही, थकला की काय दिसतं. ती पानं देण्याआधी मुलाला वाचून दाखवा आणि त्याला खोडायचं असेल तिथे खोडू द्या. त्या वजाबाकीवाल्या मुलीने माझ्या पानावरची "तिला वेळ लागतो" ही ओळ खोडली आणि वर लिहिलं, "मला आधी काड्या द्या."